हक्क दिले कोणी, आणि ते पोहोचतात कुठवर?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे आणि सासरे ७४ वर्षांचे. दोघांचा एकमेकांवर फार जीव आहे, पण गेले तीन आठवडे ते एकमेकांशी धड बोलत नाहीत. निमित्त झाले मोबाइलचे. रात्री अकरानंतर मोबाइल माझ्या कपाटाच्या खणात ठेवायचा, असा नियम मी केला, तर मुलगी म्हणाली की हे माझ्या मानवी हक्कांचे उल्लंघन आहे. सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, हक्क सरकार देते आणि तेही कर्तव्य करणाऱ्याला. मानवी हक्कांचे हे खूळ पाश्चात्त्यांनी आणले आणि त्याचा फायदा फक्त गुन्हेगारांना होतो. मुलगी म्हणाली, हक्क जन्मतःच मिळतात. त्यावर सासऱ्यांनी विचारले, ‘जन्मतः मिळतात म्हणजे कुठून मिळतात?’ तिला उत्तर देता आले नाही आणि ती रडत उठून गेली. गंमत अशी की हेच सासरे तरुणपणी, केवळ नावातल्या साम्यामुळे, दोन रात्री पोलीस कोठडीत होते. तो किस्सा ते चारचौघांत हसत हसत सांगतात. आता दोघेही माझ्याकडे निकाल मागत आहेत. हक्क नेमके येतात कुठून, आणि त्यांची हद्द कुठे संपते? – एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सासऱ्यांनी नातीला विचारलेला प्रश्न हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आहे, तेव्हा त्याचे उत्तर सुचले नाही म्हणून तिने वाईट वाटून घेण्याचे काही कारण नाही. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना युनेस्कोने हाच प्रश्न देशोदेशींच्या विचारवंतांना लेखी विचारला होता. कोणी ईश्वराकडे बोट दाखवले, कोणी निसर्गाकडे, कोणी मानवी बुद्धीकडे, तर कोणी समाजाच्या आर्थिक घडणीकडे. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी त्या दिवसांतली एक आठवण नोंदवून ठेवली आहे. एकमेकांना कट्टर विरोध करणारी माणसे हक्कांच्या एकाच यादीवर सहमत कशी झाली, असे कोणीतरी आश्चर्याने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की यादी आम्हाला मान्य आहे, फक्त ती का मान्य आहे हे विचारू नका. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींनी युनेस्कोचे महासंचालक ज्युलियन हक्सले यांना छोटेसे उत्तर पाठवले होते. सगळे हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात, आणि हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, असा त्याचा आशय होता. म्हणजे सासऱ्यांच्या पाठीशी मोठे माणूस उभे आहे, हे मुलीनेही आधी मान्य करायला हवे. कर्तव्याच्या मुद्द्याकडे मी पुढे येईन.

तुमच्या घरातल्या भांडणाचा काही भाग, मला वाटते, भाषेनेच निर्माण केला आहे. या एका कल्पनेसाठी मराठीत मानवाधिकार आणि मानवी हक्क असे दोन शब्द चालतात आणि आपण ते आलटूनपालटून वापरतो. पण ‘अधिकार’ या शब्दाला दुसराही एक अर्थ चिकटलेला आहे. अधिकार असतो तो अधिकाऱ्याला. तो वरून मिळतो, पदाबरोबर येतो आणि पद गेले की जातो. ज्या माणसाने उभी हयात सरकारी नोकरीत काढली, त्याच्या कानाला ‘अधिकार’ म्हटल्यावर कोणाच्या तरी सहीने मिळालेली गोष्ट ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. ‘हक्क’ हा शब्द मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ ‘सत्य’ असा आहे आणि ‘जे ज्याचे आहे ते’ असाही आहे. हक्काची वस्तू मागताना आपण विनंती अर्ज करत नाही, ‘माझे आहे ते द्या’ असे म्हणतो, आणि ते मिळाल्यावर आभार मानण्याचीही गरज वाटत नाही. म्हणून या उत्तरात मी ‘हक्क’ हाच शब्द वापरणार आहे. घरातही काही दिवस तोच वापरून पाहा.

सरकार हक्क देते, हे म्हणणे रोजच्या व्यवहारात खरे वाटते, कारण हक्क बजावायचा तर कायदा लागतो, न्यायालय लागते, आणि ही सगळी यंत्रणा सरकारचीच असते. मात्र हे म्हणणे शेवटपर्यंत ताणून पाहिले की कुठे तुटते, ते जर्मनीच्या उदाहरणात दिसते. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे झालेल्या कायद्यांनी तिथल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि त्यांना नुसते ‘प्रजाजन’ ठरवले. नोव्हेंबर १९४१ मध्ये आणखी एक आदेश निघाला. देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे उरलेसुरले राष्ट्रीयत्वही त्याने संपवले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. ज्यांना बळजबरीने सीमेपार पाठवण्यात आले, त्यांनाही तो लागू होता. हे सारे रीतसर झाले. कायदा होता, राजपत्र होते, शिक्के होते, आणि टेबलामागे बसून नियमाप्रमाणे काम करणारे कर्मचारीही होते. हक्क सरकारच देत असेल, तर या माणसांवर अन्याय झाला असे म्हणायला जागाच उरत नाही; दिलेले होते ते परत घेतले, एवढेच म्हणता येते. तुमच्या सासऱ्यांना हे मान्य होईल असे मला वाटत नाही. जर्मनीतून पळालेल्या आणि पुढे अनेक वर्षे कोणत्याच देशाच्या नागरिक नसलेल्या राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी या अवस्थेचा विचार करताना ‘हक्क असण्याचा हक्क’ असा शब्दप्रयोग केला. सगळे हक्क गमावण्याआधी माणूस आपली दाद जिथे घेतली जाईल अशी जागाच गमावतो, हे त्यांनी स्वतः भोगलेले होते.

मुलीची बाजूही वाटते तितकी भक्कम नाही. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी निसर्गदत्त हक्कांच्या कल्पनेची कठोर टर उडवली होती. हक्क हे कायद्याचे अपत्य आहे आणि कायद्याविना हक्क म्हणजे बापाविना मूल, असे त्यांचे म्हणणे होते. नवजात बाळ कितीही तपासले तरी त्याच्या अंगावर हक्क सापडत नाही, हे तर उघडच आहे.

माझे स्वतःचे मत असे आहे की ‘जन्मतः’ हा शब्द मुलगी बरोबर वापरते, पण त्यावर विचारला गेलेला प्रश्न त्या शब्दाला लागू पडत नाही. हक्क कुठून आले, हे सांगण्यासाठी तो शब्द योजलेला नाही. हक्क मिळण्याची अट कोणती, हे तो सांगतो. जन्मतः म्हणजे जन्माखेरीज दुसरी कोणतीही पात्रता लागत नाही : कुळ नाही, शिक्षण नाही, मालमत्ता नाही, चांगली वर्तणूक नाही, नागरिकत्वसुद्धा नाही. हक्क ‘कुठून’ आले याचे उत्तर मात्र जन्मात शोधू नये, ते इतिहासात शोधावे. अमुक गोष्टी माणसाशी करायच्याच नाहीत, हे माणसे त्या गोष्टी होताना पाहून, सोसून आणि कधी कधी स्वतः करून शिकली, आणि त्यातून ही यादी हळूहळू, रडतखडत, पुष्कळदा अप्रामाणिकपणे तयार झाली.

अप्रामाणिकपणे असे मी जाणून म्हणतो, कारण या इतिहासातला जवळजवळ प्रत्येक थोर दस्तऐवज लिहिताना कोणाला तरी दाराबाहेर ठेवलेले होते. जून १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजा जॉनकडून सरदारांनी मॅग्ना कार्टा मिळवला. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाही स्वतंत्र माणसाला पकडायचे नाही, असे त्यात होते, पण ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत त्या काळचे असंख्य भूदास येतच नव्हते. शिवाय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोपने तो करार रद्दही ठरवला. तो टिकला तो पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा काढून दाखवला म्हणून. ऑगस्ट १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा १७ कलमांचा जाहीरनामा मंजूर केला आणि माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असतात असे पहिल्याच कलमात लिहिले. दोनच वर्षांनी ओलँप द गूज या लेखिकेने त्याच धर्तीवर स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहून विचारले की स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क असेल, तर व्यासपीठावर चढण्याचा का नसावा? नोव्हेंबर १७९३ मध्ये, तिच्या राजकीय लिखाणावरून, तिला गिलोटिनखाली देण्यात आले.

त्याच १७९१ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सॅं दोमिंग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांनी उठाव केला. ‘माणसे जन्मतः स्वतंत्र असतात’ हे पॅरिसचे वाक्य त्यांनी, लिहिणाऱ्यांना अपेक्षितही नव्हते इतक्या शब्दशः, खरे करून दाखवायला घेतले. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि हैतीच्या लोकांनी त्याच्या सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. हक्कांचे मूळ शोधायचे तर पॅरिसच्या सभागृहाइतकेच ते त्या मळ्यांत शोधावे लागेल, असे माझे मत आहे. वाक्य एकांनी लिहिले आणि त्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावला.

यातून सासऱ्यांच्या ‘पाश्चात्त्य खुळा’च्या आक्षेपाचे अर्धे उत्तर येते. उरलेले अर्धे १९४५ ते १९४८ या काळात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेच्या प्रास्ताविकाचा मूळ मसुदा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांनी केला होता, आणि त्यात मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उल्लेख होता. दुसऱ्याच वर्षी, त्यांच्याच देशात भारतीय वंशाच्या लोकांना जमिनीच्या बाबतीत मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा प्रश्न भारताने आमसभेत मांडला. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असा बचाव स्मट्स यांनी केला. डिसेंबर १९४६ मध्ये आमसभेने दोन तृतीयांश बहुमताने तो बचाव बाजूला सारला. म्हणजे ‘तुमच्या घरात तुम्ही माणसांना कसे वागवता याच्याशी आम्हाला कर्तव्य आहे’ हा दावा त्या नव्या व्यासपीठावर सुरुवातीलाच बजावला गेला तो पाश्चात्त्य सत्तांच्या बाजूने नव्हे, त्यांच्या मर्जीविरुद्ध.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट होत्या, पण मसुद्यावर हात फिरले ते अनेक देशांच्या माणसांचे : चीनचे पी. सी. चँग, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, चिलीचे एर्नान सांता क्रूझ, फ्रान्सचे रने कासँ, कॅनडाचे जॉन हम्फ्री. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी केलेली दुरुस्ती तर तुमच्या मुलीला जरूर सांगा. पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल असा इंग्रजी शब्द होता. त्यात स्त्रिया अध्याहृतच आहेत, असे रूझवेल्ट यांना वाटत होते. हंसा मेहतांचे म्हणणे होते की काही देश हा शब्द शब्दशः घेतील आणि स्त्रियांना वगळतील. शेवटी तिथे ‘सर्व मानव’ आले. एका शब्दाच्या बदलाला इतके महत्त्व कशाला, असे कोणाला वाटले तर त्याने ओलँप द गूज आठवावी.

सासऱ्यांसाठी त्याच पहिल्या कलमातली आणखी एक गोष्ट आहे. माणसांना विचारशक्ती आणि सदसद्विवेकबुद्धी लाभलेली आहे, असे तिथे म्हटले आहे. मसुद्यात ती ‘निसर्गाने’ दिल्याचा उल्लेख होता, तर ईश्वराचा उल्लेख असावा असा आग्रह काही प्रतिनिधींनी धरला होता. चँग यांची भूमिका अशी की जगातले सगळे लोक एकच अध्यात्म मानत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर ते लादू नये. अखेर ईश्वरही आला नाही आणि निसर्गही गेला. ‘लाभलेली आहे’ एवढेच राहिले. कोणाकडून, ते वाक्यात नाही. तुमच्या जेवणाच्या टेबलावर ज्या प्रश्नावर वाद अडला, तो तिथेही याच जागी अडला होता, आणि त्या माणसांनी ती जागा समजून उमजून मोकळी सोडली. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ५८ सदस्यांपैकी ४८ देशांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, विरोधात एकानेही नाही. आठ देश तटस्थ राहिले. त्यांत सोव्हिएत गटातले देश होते, सौदी अरेबिया होता आणि दक्षिण आफ्रिकाही होती.

आता गुन्हेगारांचा मुद्दा. तो मी हलका मानत नाही, कारण ज्याच्या घरात गुन्हा घडला आहे त्याला आरोपीच्या हक्कांची भाषा बोचतेच. पण सासऱ्यांच्या त्या दोन रात्री आठवा. कोठडीत ते होते तेव्हा बाहेरच्या सगळ्यांच्या लेखी ते ‘गुन्हेगार’च होते. आपण तो माणूस नव्हे, हे त्यांना स्वतःला माहीत होते, दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरावा, त्याला का पकडले ते सांगावे, तातडीने न्यायाधीशापुढे उभे करावे, मारहाण करू नये, हे नियम नेमके याच अवस्थेसाठी आहेत : माणूस एकटा आहे, दार बाहेरून बंद आहे आणि खरे काय ते अजून ठरायचे आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारात तर बेकायदा अटक झालेल्याला नुकसानभरपाई मागता येईल, असेही म्हटलेले आहे. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याचे स्वातंत्र्य कायदा काढून घेऊ शकतो, घेतोही. त्याचा छळ मात्र करू शकत नाही. ज्यांना हे फाजील औदार्य वाटते, त्यांनी दोषी आणि निर्दोष यांची निवड दर वेळी आपण अचूक करू अशी खात्री आधी द्यावी.

हक्कांच्या हद्दीचा प्रश्न मला उगमाच्या प्रश्नापेक्षा व्यवहारात महत्त्वाचा वाटतो, आणि तो सोडवण्याची एक साधी रीत आहे. ‘माझा हक्क’ असे कोणी म्हटले की विचारावे, कोणाकडून? मानवी हक्क हे प्रथम सत्तेसमोरचे मागणे आहे, म्हणून त्याची पहिली जबाबदारी राज्यसंस्थेवर येते. ती तीन प्रकारची मानली जाते : राज्यसंस्थेने स्वतः हक्क मोडू नये, दुसऱ्या कोणाला मोडू देऊ नये, आणि तो प्रत्यक्षात येईल अशी व्यवस्था उभी करावी. मधली जबाबदारी लोक विसरतात. होंडुरासमध्ये सप्टेंबर १९८१ मध्ये मानफ्रेदो वेलास्केस नावाचा विद्यार्थी पळवला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या प्रकरणात अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल देताना असे तत्त्व घालून दिले की कृत्य खासगी व्यक्तीने केलेले असो वा करणारा कोण हे कळलेले नसो, ते रोखण्यासाठी आणि त्याचा तपास करण्यासाठी योग्य ती तत्परता राज्याने दाखवली नसेल, तर राज्य जबाबदार ठरते. हा विचार पुढे घराच्या भिंतींच्या आतही गेला. नवऱ्याने बायकोला मारणे ही जी पूर्वी ‘त्यांची घरगुती बाब’ समजली जाई, ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९९३ च्या जाहीरनाम्याने सरकारांच्या जबाबदारीच्या कक्षेत आणली.

सगळे हक्क सारखे ताणता येत नाहीत. छळापासून आणि गुलामगिरीपासून मुक्तता हे हक्क निरपवाद आहेत. युद्ध असो वा आणीबाणी, त्यांना मुरड घालता येत नाही. याच जातीचा एक कमी माहितीतला नियम असा की केवळ कराराची फेड करता आली नाही, एवढ्यावरून कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही. बोलण्याचे, हिंडण्याफिरण्याचे, सभा भरवण्याचे स्वातंत्र्य मात्र मर्यादित करता येते. त्यासाठी मर्यादा कायद्याने घातलेली असावी लागते, इतरांचे हक्क, सार्वजनिक आरोग्य अशा मान्य कारणासाठी असावी लागते, आणि कारणाच्या मानाने जास्त असता कामा नये. साथीच्या काळात माणसाला काही दिवस वेगळे ठेवणे समर्थनीय असू शकते, पण साथ ओसरल्यावरही त्याला कोंडून ठेवणे असू शकत नाही.

शिक्षण, आरोग्य, काम, निवारा यांचे हक्क १९६६ च्याच दुसऱ्या, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात आहेत. ते उपलब्ध साधनसंपत्तीप्रमाणे टप्प्याटप्प्याने पुरे करायचे असतात, आणि ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दाआड अनेक सरकारे सुखाने लपतात. भेदभाव मात्र पहिल्या दिवसापासून करायचा नसतो. त्याला टप्पे नाहीत. यादी अजून वाढते आहे. आमसभेने पिण्याच्या पाण्याचा आणि स्वच्छतेचा हक्क २०१० मध्ये मान्य केला आणि निरोगी पर्यावरणाचा २०२२ मध्ये. या वाढीचे मी स्वागत करतो, पण आपल्याला हवी असलेली प्रत्येक चांगली गोष्ट मानवी हक्क आहे असे म्हणू लागलो, तर ज्या दिवशी कोणाला खरोखर कोंडले जाईल त्या दिवशी वापरायला शब्द उरणार नाही, अशी भीतीही मला वाटते. हे सगळे हक्क बजावून घेणारी जागतिक पोलीस यंत्रणा नाही, हेही मुलीला सांगून ठेवा. १९४८ चा जाहीरनामा हा स्वतः बंधनकारक करार नव्हता. बंधनकारक करार १९७६ मध्ये अमलात आले, आणि तेही फक्त सह्या करून मान्यता देणाऱ्या देशांपुरते.

कर्तव्याचा मुद्दा मी राखून ठेवला होता. जाहीरनाम्याच्या ३० कलमांपैकी २९ वे कलम स्पष्ट सांगते की प्रत्येकाची आपल्या समाजाप्रती कर्तव्ये असतात. तेव्हा सासरे चुकत नाहीत. फक्त ते कलम शेवटी आहे, पहिल्या २८ कलमांच्या दाराशी तिकीट तपासायला बसलेले नाही. कर्तव्य न करणाऱ्याला दंड होईल, शिक्षा होईल, लोक नावे ठेवतील. पण हक्क हे कर्तव्याचे वेतन असेल, तर तान्ह्या मुलाला, बेशुद्ध रुग्णाला आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला ते कोणत्या हिशेबाने द्यायचे? गांधीजींचे वाक्य स्वतःला लावून घेण्यासाठी उत्तम आहे. सत्ताधाऱ्याने ते दुसऱ्याला लावले की त्याचा अर्थ बदलतो.

राहिला मोबाइल. रात्री अकरानंतर तो खणात ठेवायला लावणे हे मानवी हक्कांचे उल्लंघन नाही, हा माझा निकाल मुलीला कळवा. पण तिथेच थांबू नका, कारण १८ वर्षांखालच्या मुलांच्या हक्कांचा १९८९ चा करार, जो अमेरिका सोडून संयुक्त राष्ट्रसंघाच्या सर्व सदस्य देशांनी स्वीकारला आहे, तुमच्या घराबद्दलही काही म्हणतो. मुलाला वळण लावण्याचा आईवडिलांचा हक्क आणि जबाबदारी त्याच्या ५ व्या कलमाला मान्य आहे, मात्र ते वळण मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावे, अशी त्याची अट आहे. सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलीसाठी एकच नियम चालत नाही. १२ वे कलम सांगते की तिच्याशी संबंधित गोष्टीत तिचे मत ऐकून घ्यावे आणि वयाप्रमाणे त्याला वजन द्यावे. शेवटचा शब्द तिचाच असावा, असे ते म्हणत नाही. १६ वे कलम मुलांच्या खासगीपणाचे आणि पत्रव्यवहाराचे आहे. हे करारही प्रथम सरकारांना बांधतात, तुम्हाला कोणी न्यायालयात खेचणार नाही, पण त्यामागचा विचार घरात वापरण्यासारखा आहे. तेव्हा अकराची वेळ तिला विचारून पुन्हा ठरवा. परीक्षेचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे धरा. खणात ठेवलेला मोबाइल तिच्या पाठीमागे उघडून पाहू नका. तुमच्या पत्रात तसे काही नाही, तरी लिहून ठेवतो.

दोघांमधला अबोला तुमच्या निकालाने संपेल असे मला वाटत नाही. तो मुलीला मोडावा लागेल, आणि त्यासाठी तिने हक्कांविषयी एक शब्दही बोलू नये. आजोबांचा तो किस्सा तिने आजवर हसण्यावारी ऐकला आहे. या वेळी कोणी नसताना तिने त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे की पहिल्या रात्री, दार बाहेरून बंद झाल्यावर, त्यांनी त्या शिपायाला काय म्हटले होते.